प्लेन्सच्या चर्चमधले मास्तर : जिमी कार्टर यांच्या आठवणी

सीनाकाठ

काल, ९ जानेवारी २०२५ ला, वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथीड्रलमध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांना शेवटचा निरोप दिला. क्लिंटन, बुश, ओबामा, ट्रम्प, बायडन असे पाचही आजी-माजी अध्यक्ष हजर होते. टीव्हीवर दिवसभर तेच चाललंय : इराणमधले अमेरिकन ओलीस, इजिप्त-इस्रायलमधला कॅम्प डेव्हिडचा करार, १९८० च्या निवडणुकीतला पराभव. ते सगळं खरंच आहे. पण मला इथे त्यांच्याबद्दल वेगळं लिहायचंय. माझ्या लेखी ते आधी रोझलिनचे नवरे, मग चर्चमधल्या रविवारच्या वर्गाचे मास्तर, आणि अध्यक्षपद त्यानंतर कधीतरी.

मी मूळचा नगरचा. आमच्या घरात आजोबांच्याही आधीपासून मराठी मिशनचं चर्च. शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या बायबलवर्गात, वचनं पाठ करत आणि चुकलं की मास्तरांचे डोळे चुकवत वाढलो. नोकरीसाठी जॉर्जियात आलो तेव्हा कळलं की अटलांटाहून अडीच तासांवर प्लेन्स नावाचं गाव आहे आणि तिथल्या मारानाथा बॅप्टिस्ट चर्चमध्ये एक माजी अध्यक्ष बायबलचा वर्ग घेतात. कोणीही जावं, तिकीट नाही, ओळखीची गरज नाही.

गाव एवढंसं, सहाशेच्या आसपास वस्ती. आजूबाजूला भुईमुगाची शेतं. पहाटे अंधारातच गाड्यांची रांग लागलेली. सुरक्षेची कुत्री गाड्या आणि पिशव्या हुंगून गेली, मग चर्चच्या एका बाईंनी सगळ्यांना शाळकरी पोरांसारखं बसवून नियम सांगितले. टाळ्या वाजवायच्या नाहीत. फोटो हवा असेल तर वर्गानंतरची उपासनाही पूर्ण करायची, मधून उठून जायचं नाही. मग बाजूच्या दारातून ते आले. नव्वदीतला माणूस, हातात बायबल. कोण कुठून आलंय हे एकेका बाकाला विचारत गेले. त्यानंतर पाऊण तास धडा. खरं सांगतो, मी 'अध्यक्ष' ऐकायला गेलो होतो आणि समोर आमच्या नगरच्या शब्बाथशाळेतले मास्तर उभे होते. बोट ओळीवर ठेवून वाचणं तेच, प्रश्न विचारून उत्तराची वाट बघणं तेच.

अठराव्या वर्षी नौदलाच्या अकॅडमीत असताना त्यांनी पहिल्यांदा असा वर्ग घेतला. पुढे पाणबुडीवर घेतला, वॉशिंग्टनला अध्यक्ष असतानाही फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चमध्ये अधूनमधून घेतला, आणि पंचाण्णवाव्या वर्षापर्यंत प्लेन्समध्ये. चर्चची दानपात्रं त्यांनी स्वतः लाकडात घडवलेली, समोरचा क्रूसही त्यांच्याच हातचा. आवारातलं गवत कापायची पाळी आली की तेही काम करायचे, आणि रोझलिनबाई चर्चची स्वच्छतागृहं धुवायच्या. आमच्याकडे एखादा साधा नगरसेवक चर्चला आला तर त्याला पुढची खुर्ची लागते, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

२०१५ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी पत्रकारांना सांगितलं की कर्करोग मेंदूपर्यंत गेलाय. त्याच आठवड्यातल्या रविवारी ते वर्गावर हजर होते. ऐकायला शेकडो माणसं लोटली, चर्चमध्ये मावेनात म्हणून उरलेल्यांसाठी जवळच्या शाळेत दुसऱ्यांदा धडा घेतला. डिसेंबरात, मेंदूत आता काही दिसत नाही ही बातमीही त्यांनी जगाच्या आधी त्या वर्गालाच सांगितली.

तुमच्यापैकी कोणाकडे त्यांच्याबद्दल काही असेल तर लिहा. राजकारणही चालेल, पण माणूस सुटू देऊ नका.

जाईजुई

छान लिहिलंय दादा. पण 'आधी रोझलिनचे नवरे' वर मला जरा बोलायचंय.

१९५३ मध्ये त्यांचे वडील स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेले. कार्टर तेव्हा नौदलात, अणुपाणबुडीच्या कामावर, त्या कामाचे प्रमुख रिकोव्हर यांच्या हाताखाली. नोकरी मोठी, पुढची वाट आखलेली. वडिलांच्या शेवटच्या दिवसांत गावातले लोक एकामागून एक भेटायला येताना त्यांनी पाहिले, वडिलांनी कोणाकोणाला गुपचूप मदत केली होती ते ऐकलं, आणि नोकरी सोडून प्लेन्सला परतायचं ठरवून टाकलं. बायकोला न विचारता! रोझलिन संतापल्या. तीन लहान मुलं घेऊन गाडीने परतताना त्या नवऱ्याशी जवळजवळ बोलल्याच नाहीत. गावात आल्यावर राहायला सरकारी घर, पहिल्या वर्षी धंद्यात हातात काहीच नाही. हे सगळं तिने सोसलं.

कुटुंबवत्सल म्हणताना हेही मांडायला हवं. 'सगळं आयुष्य प्रेमात न्हालेलं' असं लिहिलं की बाईच्या वाट्याचं पुसलं जातं.

सीनाकाठ

जाईजुईताई, पटलं. आणि हे लपवलं कार्टर यांनीही नाही. म्हातारपणी मुलाखतींतून ते स्वतःच सांगायचे की तेव्हा तिला विचारलं नाही हे चुकलंच, आज असं करायचा विचारही मनात येणार नाही.

पण पुढचं बघा. शेंगांच्या गोदामाचा हिशेब रोझलिननी हातात घेतला आणि थोड्याच दिवसांत धंद्याचं त्यांना नवऱ्यापेक्षा जास्त कळायला लागलं. अमुक गिऱ्हाईक धरायचं की सोडायचं, हे तिला विचारूनच ठरायचं. व्हाइट हाउसमध्ये त्या मंत्रिमंडळाच्या बैठकींना बसायच्या, वही घेऊन. त्यावर टीकाही खूप झाली. आठवड्यातून एकदा दोघांचं कामाचं जेवण ठरलेलं. १९७७ मध्ये लॅटिन अमेरिकेच्या दौऱ्यावर त्या अध्यक्षांच्या वतीने बोलणी करायला गेल्या, नुसत्या फिती कापायला नाही. गाडीतल्या त्या अबोल्यातून नवरा काहीतरी शिकला, असं मला वाटतं.

भांडणं संपली नाहीत म्हणा. १९८७ मध्ये दोघांनी मिळून एक पुस्तक लिहिलं, त्यात एकाच प्रसंगाच्या दोघांच्या आठवणी जुळेनात. वाद इतके पेटले की समोरासमोर बोलणं बंद, एकमेकांना चिठ्ठ्या. शेवटी तोडगा निघाला : जिथे पटत नाही तिथे प्रत्येकाने आपापला परिच्छेद लिहायचा आणि खाली आपलं आद्याक्षर टाकायचं. पुस्तक तसंच छापलं.

आणि त्यांचा एक नियम होता, भांडण घेऊन झोपायचं नाही. रात्री दोघं मिळून बायबलचा एक अध्याय मोठ्याने वाचायचे, एक दिवस हा, एक दिवस ती. स्पॅनिशचा सराव व्हावा म्हणून नंतर नंतर तो स्पॅनिशमधून. एकजण परगावी असला तरी दोघं आपापल्या ठिकाणी तोच अध्याय वाचणार.

पंढरीची_वाट

आमच्या घरी आईवडील रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणतात. अण्णा एसटीत चालक होते. मुक्कामी गाडी असली तरी तिकडे डेपोत बसून म्हणायचे, आणि आई इकडे घरी त्याच वेळेला. आम्हा पोरांना त्यात काही विशेष वाटायचं नाही. तुमचं वाचून आत्ता आईला फोन केला.

एक विचारायचंय. त्या दोघांचं लग्न कसं जमलं? गावातलंच का?

जाईजुई

गावातलंच, आणि पाळण्यातली ओळख! कार्टर यांच्या आई लिलियन परिचारिका होत्या. १९२७ च्या ऑगस्टमध्ये रोझलिन जन्मल्या तेव्हा बाळंतपणाला त्याच होत्या, आणि जवळजवळ तीन वर्षांच्या जिमीला त्या बाळ बघायला घेऊन गेल्या.

रोझलिन तेरा वर्षांच्या असताना वडील गेले. आईने शिवणकाम करून चार मुलं वाढवली. कार्टर यांनी पहिल्यांदा मागणी घातली तेव्हा रोझलिननी नाही म्हटलं, कारण शिक्षण पूर्ण करीन असं वडिलांना शब्द दिला होता. थोड्या महिन्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा हो. ७ जुलै १९४६ ला प्लेन्सच्या मेथडिस्ट चर्चमध्ये लग्न. सत्त्याहत्तर वर्षांचा संसार, अमेरिकेच्या कोणत्याही अध्यक्षाच्या संसारापेक्षा मोठा. तीन मुलगे झाल्यावर कितीतरी वर्षांनी, १९६७ मध्ये, एमी ही मुलगी.

२०२३ च्या नोव्हेंबरात रोझलिन गेल्या. अटलांटातल्या प्रार्थनेला कार्टर यांना चाकाच्या खुर्चीवरून आणलं होतं. ते तेव्हा नऊ महिने घरीच अखेरच्या शुश्रूषेखाली होते. पायांवर रोझलिन यांचा चेहरा असलेलं पांघरूण. एमीने वडिलांचं एक जुनं पत्र वाचून दाखवलं, नौदलात असताना पंचाहत्तर वर्षांपूर्वी आईला लिहिलेलं. ते वाचताना तिचा आवाज फुटला. मी वर भांडले खरी, पण तो व्हिडिओ बघताना माझंही तेच झालं.

टागोरनगर

विक्रोळीकर म्हणून हात वर करतो. लिलियनबाई आमच्याकडे होत्या!

१९६६ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्या अमेरिकेच्या पीस कोअरमध्ये (परदेशात स्वयंसेवक पाठवणारी सरकारी संस्था) भरती झाल्या आणि विक्रोळीला गोदरेजच्या वसाहतीत कामाला आल्या. आधी कुटुंबनियोजनाचं काम, ते त्यांना रुचेना, मग दवाखान्यात परिचारिका. जवळपास दोन वर्षं राहिल्या. पोराबाळांना पत्रं लिहायच्या, ती पुढे छापली गेली. कुष्ठरोग झालेली एक लहान मुलगी समोर आली तेव्हा हात लावायलाही त्या घाबरल्या होत्या, आणि मग त्यांनी ती भीती कशी मागे टाकली, यावर कार्टर यांनी पुढे कविता लिहिली. आई अडुसष्टाव्या वर्षी सातासमुद्रापार जाऊन परक्यांच्या जखमा धुते, तर मुलाने सत्तरीत गरजूंसाठी घरं बांधली यात नवल काय?

१९७७ मध्ये राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद गेले तेव्हा अंत्यविधीला अमेरिकेतर्फे त्याच आल्या होत्या. आणि १९७८ मध्ये कार्टर स्वतः हरियाणातल्या ज्या गावाला भेट देऊन आले, त्या गावाने नावच बदलून कार्टरपुरी करून टाकलं.

विक्रोळीत मात्र आज कोणाला विचारलं तर नाव माहीत नाही. वाईट वाटतं.

बोरीबंदर

सगळं गोड गोड चाललंय म्हणून दुसरी बाजू मांडतो. राग नसावा.

१९७० ची जॉर्जियाच्या गव्हर्नरपदाची निवडणूक. कार्टर यांनी तेव्हा वर्णभेदवाद्यांची, जॉर्ज वॉलेसच्या चाहत्यांची मतं उघड उघड गोळा केली. निवडून आल्यावर पहिल्याच भाषणात 'वंशभेदाचा काळ संपला' म्हणाले हे खरं, पण मतं आधी घेतली. रविवारी बायबल शिकवणाऱ्याने हे करावं? आणि त्यांच्याच गावातलं त्यांचं चर्च काळ्या लोकांना आत घेत नव्हतं, ते कोणत्या तोंडाने?

सीनाकाठ

राग कसला, रास्त प्रश्न आहे. १९७० चं समर्थन मी करणार नाही. ती मतं कोणाची आहेत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तो डाग आहे.

पण चर्चचं तुम्ही म्हणता तसं अर्धंच आहे. पन्नासच्या दशकात गोऱ्यांच्या कौन्सिलने (वर्णभेद टिकवण्यासाठी काढलेली संघटना) गावातल्या सगळ्या व्यापाऱ्यांना सभासद करून घेतलं. एकटे कार्टर नाही म्हणाले. वर्गणीचे पाच डॉलर आम्ही भरतो, तू फक्त नाव दे, इथपर्यंत लोक आले, तरी नाही. गोदामावर बहिष्कार पडला. मग १९६५ मध्ये प्लेन्स बॅप्टिस्ट चर्चच्या डीकनांनी, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांनी, ठराव आणला, कृष्णवर्णीय कोणी उपासनेला आले तर त्यांना दारातूनच परत पाठवायचं. कार्टर तेव्हा राज्याच्या सिनेटवर, स्वतः डीकन. मंडळीच्या सभेत उभे राहून ते विरोधात बोलले. ठरावाच्या विरोधात पडली फक्त सहा मतं. त्यातली पाच घरातली, म्हणजे ते, रोझलिन, आई लिलियन, दोन मुलगे. सहावा गावातला एक जण. बाकी कितीतरी माणसं हात वर न करता गप्प बसून राहिली.

आमच्याकडे चर्चच्या निवडणुका, मालमत्तेचे वाद, भाऊबंदकी मी लहानपणापासून पाहत आलोय. भर मंडळीसमोर, ज्यांच्याबरोबर रोज उठबस, ज्यांच्याशी धंदा, त्यांच्याविरुद्ध उभं राहायला काय लागतं ते मला माहीत आहे. निवडणुकीच्या सभेत बोलणं त्यापुढे सोपं.

१९७६ मध्ये, ऐन अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या तोंडावर, एक कृष्णवर्णीय पाळक त्या चर्चचं सभासदत्व मागायला आले तर चर्चने रविवारची उपासनाच रद्द केली. त्या वादातून मंडळी फुटली आणि मारानाथा उभं राहिलं. १९८१ मध्ये वॉशिंग्टनहून परतल्यावर कार्टर दांपत्य मारानाथात गेलं. आणि २००० मध्ये, बायकांना पाळक होऊ न देणाऱ्या, बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहावं असं सांगणाऱ्या सदर्न बॅप्टिस्ट संघटनेशी त्यांनी नातं तोडलं. सत्तर वर्षांचं घर होतं ते त्यांचं. श्रद्धा तीच ठेवली, उंबरा बदलला.

बोरीबंदर

सहापैकी पाच मतं घरची, हे माहीत नव्हतं. मुलांनीही हात वर केले हे मोठं आहे. त्यांनाही दुसऱ्या दिवशी त्याच गावातल्या शाळेत जायचं असणार. १९७० वरचं मत मात्र कायम ठेवतो.

निवृत्त_आरोग्यसेविका

नारूबद्दल अजून कोणीच कसं लिहिलं नाही?

तरुण मुलांनी नारू पाहिलेला नसेल. साचलेलं पाणी, पायऱ्यांची विहीर, त्यात बारीक पाणपिसू. ते पाणी पोटात गेलं की साधारण वर्षभराने पायातून फोड फुटून हातभर लांब जंत बाहेर येतो. आग अशी होते की माणूस पाय पाण्यात बुडवायला धावतो, आणि पाय बुडवला की जंत आपली पिल्लं त्याच पाण्यात सोडतो. एकदम ओढला तर तुटतो आणि पाय सडतो, म्हणून काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळत काढायचा, त्यात दिवसच्या दिवस जायचे. यावर औषध नाही, लसही नाही. पाणी फडक्यातून गाळणं आणि रोग्याला विहिरीत उतरू न देणं, एवढाच इलाज. आपल्या महाराष्ट्रातही होता. देशाने स्वतःची मोहीम काढून विहिरी बदलल्या, शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला.

आफ्रिकेत मात्र हे काम कार्टर यांच्या संस्थेने अंगावर घेतलं. १९८६ मध्ये एकवीस देशांत मिळून पस्तीस लाख रुग्ण होते. २०२३ मध्ये जगभरात चौदा. लाखांत नव्हे, चौदा. ज्या माणसांना मत नाही, पैसा नाही, ज्यांचं दुखणं कोणत्या वर्तमानपत्रात येत नाही, त्यांच्यासाठी जवळपास चाळीस वर्षं. कर्करोग झाल्याचं सांगितलं त्याच पत्रकार परिषदेत ते म्हणाले होते की शेवटचा नारू माझ्या आधी मरावा अशी इच्छा आहे. तेवढं राहिलं.

सीनाकाठ, तुम्ही वर्गातल्या धड्याबद्दल लिहिलंत. मी चर्चला जाणारी नाही. पण खेड्यात फडकी वाटत फिरलेली बाई म्हणून सांगते, हा धडा मला कळला.

कार्लेफाटा

आमचा मुलूख राहिला की! २००६ च्या दिवाळीनंतर मळवली-लोणावळ्याकडे कार्टर पती-पत्नी हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या गरजूंसाठी घरं बांधणाऱ्या संस्थेच्या कामाला आले होते. एका आठवड्यात शंभर घरं. त्यांचं वय ८२. नट ब्रॅड पिट आणि क्रिकेटपटू स्टीव्ह वॉही आले होते, त्यामुळे गर्दी त्यांच्यामागे.

मी तेव्हा कॉलेजात, नुसता बघायला गेलेलो. लक्षात काय राहिलं असेल तर म्हातारबुवा भिंतीपाशी वाकून काम करत होते आणि सोबतचे दमून सावलीत बसले तरी ते थांबेनात. भाषणबिषण ऐकलं नाही मी. ज्यांचं घर बांधायचं तीच माणसं शेजारी विटा उचलत होती, कारण घर फुकट नाही, मालकानेही अंगमेहनत द्यायची अशी पद्धत.

१९८४ पासून दरवर्षी एक आठवडा ते हे करत आले असं नंतर वाचलं. २०१९ मध्ये घरी पडून कपाळाला चौदा टाके पडले, डोळा काळानिळा, आणि त्याच संध्याकाळी नॅशव्हिलला त्या कामाच्या उद्घाटनाला, दुसऱ्या दिवशी कामावर हजर.

पंढरीची_वाट

एवढं सगळं करून मुला-नातवंडांना वेळ मिळत होता का, हा माझा खरा प्रश्न. समाजकार्य करणाऱ्यांची घरं पाहिलीत मी, मुलं कुढत असतात.

सीनाकाठ

कालच्या निरोपाच्या सभेत नातवंडंही बोलली, त्यावरून काय ते समजा. जेसन म्हणाला की आजी-आजोबांच्या घरात फोन भिंतीवरचा, वायरवाला. वापरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या धुऊन मोरीजवळ वाळत घातलेल्या. १९६१ मध्ये बांधलेलं तेच घर, व्हाइट हाउसहून परत आले ते तिथेच, आणि शेवटचा श्वासही त्याच घरात. मोठ्या मुलांच्या वाट्याला राजकारणातली ओढाताण आलीच असेल, त्याबद्दल मी छातीठोक बोलणार नाही.

पण एक गोष्ट सांगतो. २०१५ च्या डिसेंबरात, नाताळच्या आधीच्या रविवारी, त्यांचा नातू जेरेमी गेला. अवघा अठ्ठावीस वर्षांचा. त्या सकाळी कार्टर वर्गावर थोडे उशिरा आले, मंडळीला ही बातमी सांगितली आणि धडा घेतला. काही लोकांना हे कठोर वाटलं. घरी बसून रडायचं सोडून चर्चला कशाला? मला तसं वाटत नाही. आमच्याकडे कोणी गेलं की पाळकसाहेब येतात, मंडळी येते, गाणी म्हटली जातात, घर रिकामं राहू देत नाहीत. ते आपलं दुःख घेऊन आपल्या माणसांत गेले. त्यांना दुसरं घर तेच होतं.

जाईजुई

हे मला माहीत नव्हतं. धन्यवाद दादा.

आता त्या चर्चमध्ये वर्ग चालतो का? यंदा बहिणीकडे अटलांटाला जायचं चाललंय.

सीनाकाठ

चर्च दर रविवारी उघडं असतं, उपासना असते. गर्दी पूर्वीची नाही, त्यामुळे पहाटे रांग लावायची गरज नाही. गावात त्यांची जुनी शाळा आणि १९७६ च्या प्रचाराचं कार्यालय असलेलं जुनं रेल्वे स्टेशन बघता येतं. गावाबाहेर लहानपणीचं शेतघरही आहे, तेही जपून ठेवलंय. दोघांची कबर घराच्या आवारात, शेजारी शेजारी. उपासनेला बसलात तर दानपात्र फिरवतील तेव्हा नीट बघा, लाकडाचं काम फार सुबक आहे.

टागोरनगर

आमच्या सोसायटीत गोदरेजमधून निवृत्त झालेले दोघे आजोबा आहेत, साठच्या दशकात कामाला लागलेले. रविवारी सकाळी बागेत भेटतात. लिलियनबाईंचा दवाखाना नेमका कुठे होता, कोणी औषध घेतलेलं आठवतंय का, विचारून येतो. काही हाती लागलं तर इथेच लिहितो.